रिपोर्ट लपवू नका, आधी करार वाचा

पत्र :

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मोजके शब्द बोलतो, बाकी चित्रांवर बोट ठेवून सांगतो. पुण्यात स्पेशल स्कूल, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी चालू आहे. मोठी मुलगी बारा वर्षांची, हुशार आहे, तिचं काही नाही. मिस्टरांची कंपनी त्यांना स्टुटगार्टला पाठवायला तयार आहे. त्याआधीच आम्ही एका एजंटकडे कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या रहिवासासाठी, पैसे भरून बसलोय. तो म्हणतो, ऑटिझमचा उल्लेखच करू नका, मेडिकलला फक्त ‘बोलायला उशीर’ एवढंच सांगा. मेलबर्नचे दीर म्हणतात, ऑस्ट्रेलियाच बघा. सासूबाई म्हणतात, इथं आपली माणसं आहेत, तिथं या लेकराला घेऊन कुठं जाताय? मी सहकारी बँकेत नोकरी करते, ती सोडावी लागेल. जावं की न जावं, काही सुचत नाही.
– एक आई, कोथरूड

उत्तर :

नमस्कार,

एजंटपासून सुरुवात करते. बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे.

त्याचं ऐकू नका. कॅनडाच्या अर्जात खोटं सांगितलं किंवा महत्त्वाचं काही दडवलं, तर पाच वर्षांची बंदी येते. ऑस्ट्रेलियात असाच नियम तीन वर्षांचा आहे. बंदी एजंटवर येत नाही, अर्जावर ज्यांची नावं आहेत त्यांच्यावर येते. शिवाय मेडिकल करणारे डॉक्टर त्या त्या सरकारनं नेमलेले असतात. नाव विचारल्यावर आठ वर्षांचं मूल वळूनही बघत नाही, यातलं काय ते त्यांना पाच मिनिटांत कळतं.

समजा, तरीही खपून गेलं. मग पुढे? नव्या गावात शाळेत नाव घालायला जाल तेव्हा काय सांगणार? ऑटिझम आहे म्हणालात तर व्हिसाच्या कागदाशी ते जुळणार नाही. नाही म्हणालात तर भरल्या वर्गात, परक्या भाषेत, मदतनीसाशिवाय त्याला बसवणार. परदेशात अशा मुलांना जी मदत मिळते ती निदानाच्या कागदावर मिळते, आईच्या शब्दावर नाही. निदान तिथं नव्यानं करून घ्यायचं म्हटलं तर रांगेत महिनोन्‌महिने जातात. ज्या फाइलची तुम्हाला व्हिसाच्या टेबलावर भीती वाटतेय, तीच शाळेत तुमच्या बाजूनं बोलणार आहे. ती जितकी जाड तितकं बरं.

आणि कॅनडापुरतं बोलायचं तर लपवायचं कारणही बरंचसं उरलेलं नाही. एजंटला हे माहीत नसेल, किंवा माहीत असून तो तुम्हाला घाबरवत असेल. तिथल्या कायद्यात ‘आरोग्य आणि समाजसेवांवर अवाजवी भार’ नावाचं एक कलम आहे. त्याखाली पूर्वी विशेष शिक्षणाचा खर्चही मोजला जायचा आणि मर्यादा होती वर्षाला साडेसहा हजार डॉलरच्या थोडी वर. ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची कुटुंबं इथंच अडकायची. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दोन कुटुंबांच्या प्रकरणात, एक दक्षिण आफ्रिकेतलं आणि एक नेदरलँड्सचं, सांगितलं की निदानाचं नाव बघून नकार देता येणार नाही, त्या मुलाला आणि त्या कुटुंबाला खरोखर कशाची गरज पडेल ते तपासावं लागेल. २०१८ मध्ये सरकारनं मर्यादा तिप्पट केली आणि विशेष शिक्षण हिशेबातूनच काढून टाकलं. मर्यादा पुढे वाढत गेली. २०२४ मध्ये ती वर्षाला २६ हजार डॉलरच्या आसपास होती. महागडी औषधं चालू नसतील तर तुमच्या मुलाचा हिशेब तिथवर पोचणं अवघड आहे. तरी त्यांना शंका आली तर ते आधी पत्र पाठवतात आणि उत्तराला ९० दिवस देतात. खरं उत्तर द्यायला एवढे दिवस पुरतात.

आत जाणं आणि मदत मिळणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. ऑन्टारिओ प्रांतात सरकारी ऑटिझम कार्यक्रमासाठी हजारो मुलं वर्षानुवर्षं रांगेत आहेत. ‘कॅनडात सगळं फुकट असतं’ असं कुणी म्हणालं, तर त्यांचं मूल त्या रांगेत आहे का, हे आधी विचारा.

मेलबर्नच्या दिरांना मुलाचं प्रेम आहे यात शंका नाही, पण त्यांनी स्वतः एकट्यानं पीआर घेतला असणार. ऑस्ट्रेलियाचा अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी घालणारा १९९२ चा कायदा चांगला आहे, फक्त स्थलांतराच्या कायद्याला तो लागू होत नाही! तिथं मुलावर सरकारचा किती खर्च होईल याचा अंदाज काढतात. १ जुलै २०२४ पासून ती मर्यादा ५१ हजारांवरून ८६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर केली, पण घरातलं एक माणूस नापास झालं की सगळं कुटुंब नापास, हा नियम तसाच आहे. २००८ मध्ये व्हिक्टोरियातल्या हॉरशम या गावात एका जर्मन डॉक्टरला मुलाच्या डाउन सिंड्रोममुळे पीआर नाकारला होता. डॉक्टर मिळत नाहीत म्हणून ज्याला बोलावून घेतलं होतं, त्यालाच. देशभर ओरड झाली, शेवटी मंत्र्यांनी हस्तक्षेप केला. काही व्हिसांमध्ये सूट मागता येते, काहींमध्ये दारच बंद असतं. तिथल्या नोंदणीकृत वकिलाला तुमचा नेमका व्हिसा सांगून विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. माझं मत विचाराल तर हातात दुसरा पर्याय असताना जाऊच नका.

दुसरा पर्याय आहेच. जर्मनीच्या व्हिसासाठी मुलाच्या अपंगत्वाची किंमत काढणारी अशी परीक्षा नाही. पगार आणि आरोग्य विमा हे बघतात. म्हणून तुमच्यासमोरच्या तिघांत मला स्टुटगार्ट बरं वाटतं. पण ‘कंपनी पाठवतेय’ याचे दोन अर्थ होतात आणि तुमच्या पत्रात कुठला ते नाही. बहुधा तुम्हालाही माहीत नसावं. मिस्टरांना आजच विचारा.

एक : पुण्यातल्या कंपनीचाच नोकर म्हणून, पगाराचा करार इथला ठेवून बदली. याला आयसीटी कार्ड लागतं. ते जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं. यात बऱ्याचदा कंपनी खासगी विमा काढते आणि त्या पॉलिसीत बारीक अक्षरांत ‘आधीपासूनचे आजार वगळून’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ताप आला तर पैसे मिळतील, स्पीच थेरपीला नाही. दोन : जर्मन कंपनीशी थेट करार आणि ईयू ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना. यात तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात जाता येतं, आणि तुमच्या घरासाठी सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. त्यात मुलाचं निदान काय हे विचारून हप्ता वाढवत नाहीत. नोकरी न करणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. डॉक्टरनं लिहून दिलं की स्पीच आणि ओटीचा खर्च विमा देतो आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला वर काही भरावं लागत नाही. अपंगत्वामुळे मूल पुढे स्वतःच्या पायावर उभं राहू शकलं नाही, तर आईवडिलांच्या विम्यात त्याला वयाची अट राहत नाही.

इथं एक खड्डा आहे. मिस्टरांचा पगार तिथल्या ठरावीक मर्यादेच्या वर असेल (२०२५ मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती), तर त्यांना खासगी विम्याचाही पर्याय मिळतो. नव्यानं आलेल्या आयटीवाल्यांना दलाल गाठतात, हप्ता कमी दाखवतात, दोन आठवड्यांत डॉक्टरची वेळ मिळेल म्हणतात. खासगी विम्यात प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा आणि तब्येत बघून ठरतो. एकदा तिकडे गेलेल्या माणसाला सरकारी विम्यात परत येणं फार जड जातं. जर्मनीतली पहिलीच नोकरी असेल आणि पगार मर्यादेवर असेल, तर सरकारी विम्यात स्वेच्छेनं नाव घालायला तीन महिन्यांची मुदत असते. ती चुकवू नका.

पैशांचं थोडक्यात. दर मुलामागे बालभत्ता मिळतो, २०२५ मध्ये महिना २५५ युरो. मुलाची घरी काळजी घेण्यासाठी वेगळा भत्ता असतो. मुलाला किती मदत लागते ते बघायला माणूस घरी येतो आणि पायरी ठरवतो. २०२५ मध्ये दुसऱ्या पायरीला महिना ३४७ युरो, तिसरीला ५९९. पण त्यासाठी आधी दोन वर्षं विमा भरलेला असावा लागतो. पहिली दोन वर्षं हा पैसा हिशेबात धरू नका.

आता शाळा, कारण मुलाचा दिवस तिथंच जाणार आहे.

जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. ‘शाळा जमत नाही तर घरीच शिकवू, एनआयओएस या मुक्त शाळा मंडळातून परीक्षा देऊ’ हा आपल्याकडचा मार्ग तिथं नाही. स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आधी शिक्षण खात्याचे लोक मुलाला कसली आणि किती विशेष मदत लागेल ते तपासतात. मग पालकांनी ठरवायचं, विशेष शाळा की सर्वसाधारण शाळेत मदतीसह. २०१५ पासून ही निवड पालकांची आहे, फक्त अमुकच शाळा हवी असा हट्ट चालत नाही. सर्वसाधारण शाळेत घातलं तर सोबतीला मदतनीस मिळू शकतो. आपण त्याला शॅडो टीचर म्हणतो. पुण्यात त्याचे पैसे तुम्ही देता, तिथं सरकारी खातं देतं. मात्र तो शिक्षक असेलच असं नाही, आजारी पडला तर बदली माणूस मिळेलच असं नाही, आणि मंजुरीचा अर्ज वरचेवर भरावा लागतो. जर्मनीत फार मुलं वेगळ्या शाळांमध्ये काढली जातात अशी टीका संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०१५ मध्ये केली, २०२३ मध्ये परत केली. टीका बरोबर आहे. ब्रेमेननं अशा शाळा जवळजवळ बंद केल्या, दक्षिणेकडच्या राज्यांत त्या अजून भरपूर आहेत. तरीही तुमच्या मुलासाठी पहिली एकदोन वर्षं मी विशेष शाळाच निवडेन. तत्त्व आपल्या जागी, पण ज्या मुलाला घर, हवा, जेवण आणि भाषा एकाच महिन्यात बदलून मिळणार आहे त्याला निदान वर्ग लहान आणि शिक्षक ऑटिझम कळणारे मिळू देत. सर्वसाधारण शाळा नंतर मागता येते.

निदान आणि पुढच्या तपासण्यांसाठी तिथं मुलांच्या विकासाची खास केंद्रं असतात, त्यांना एसपीझेड म्हणतात. बालरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय घेत नाहीत आणि रांग काही महिन्यांची असते. घराचा पत्ता पक्का झाला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ शोधा. नवे पेशंट घ्यायला बरेच दवाखाने नाही म्हणतात, चारपाच ठिकाणी विचारायची तयारी ठेवा.

जाण्याआधी पुण्यात करायची कामं. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडून इंग्रजीत सविस्तर निदान घ्या. आपल्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयएसएए नावाची चाचणी वापरतात, ती बाहेर कुणी ओळखत नाही. एडॉस ही बाहेर ओळखली जाणारी ऑटिझमची चाचणी झालेली नसेल तर करून घ्या. थेरपिस्टना नुसतं ‘प्रगती समाधानकारक’ लिहू देऊ नका. तो काय खातो, कशाला घाबरतो, टॉयलेटला जायचं कसं सांगतो, चिडला की काय केल्यानं शांत होतो, हे एका पानावर लिहून घ्या आणि ते पान जर्मन करून ठेवा. वीस पानी रिपोर्टपेक्षा हे एक पान त्याच्या बाई आधी वाचतील. लसीकरणाच्या कार्डावर गोवराच्या दोन डोसांची नोंद आहे ना बघा. २०२० पासून शाळेत ती दाखवावी लागते, नसेल तर शाळा आरोग्य खात्याला कळवते. विमानाचं तिकीट काढताना डीपीएनए ही सोय नोंदवायला सांगा. बौद्धिक किंवा विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रवाशासाठीची ती खूण आहे, विमानतळावर मदतीला माणूस येतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि इथलं प्रमाणपत्र चालू ठेवा. पुढे कधी परतलात आणि तो अठराचा झाला, तर नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली पालकत्व घेताना हेच कागद लागतील.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तिथं पोचल्यावर कुणी ना कुणी सांगेलच, ‘घरी मराठी बंद करा, मुलगा गोंधळतो.’ ऐकू नका. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी मागं पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. त्याचे जे दहावीस शब्द आहेत ते मराठीत आहेत, ते तसेच राहू देत. चित्रांच्या कार्डांवर खाली जर्मन शब्द लिहा म्हणजे शिक्षकांनाही ती वापरता येतील. त्याच्यापेक्षा तुम्ही जर्मन शिकणं जास्त गरजेचं आहे. ब्लू कार्डवाल्यांच्या बायकोला व्हिसासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून पुष्कळ जणी शिकणं पुढे ढकलतात. मग शाळेच्या मीटिंगला नवरा रजा काढतो किंवा कुणीच जात नाही. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. या महिन्यात नाव घाला.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. फक्त ते मोजून बघा. ‘आपली माणसं’ म्हणजे नेमकी कोण? आठवड्यातले किती तास, कोण त्याला प्रत्यक्ष सांभाळतं, हे कागदावर मांडा. बहुधा त्यात सासूबाई असतील, पोळ्यांच्या मावशी असतील, थेरपिस्ट आणि शाळेची रिक्षा असेल. लग्नाला बोलावताना ‘त्याला नाही आणलंत तरी चालेल’ म्हणणारे नातेवाईक त्या कागदावर येणार नाहीत. सासूबाई आणि मावशी यांच्या जागी तिथं पहिलं वर्षभर कुणी नसेल. ती जागा तुम्ही दोघं भरणार, आणि त्यातली बरीचशी तुम्ही. सासूबाईंना एवढं कबूल करा. त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावता येईल; कायमचं आणायला २०२४ पासून कायद्यात वाट आहे, पण त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो आणि ते सोपं नाही, हेही आधीच सांगा.

मग तुमची नोकरी. पत्रात तुम्ही ती ‘सोडावी लागेल’ असं एका वाक्यात टाकून मोकळ्या झालात. बँकेकडे बिनपगारी रजा मिळते का ते राजीनाम्याआधी विचारा. वर्ष मिळालं तरी पुष्कळ. तिथं तुम्हाला पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी असेल, पण भाषा आणि मुलाची शाळा बसेपर्यंत नोकरी होणार नाही, हे धरूनच चाला. आणि हे नवऱ्याशी आत्ता बोला, तिथं गेल्यावर नव्हे. शाळेच्या मीटिंगा, खात्यांचे फॉर्म, एसपीझेडच्या तारखा यातलं त्यांच्याकडे काय असेल? ‘मी मदत करेन’ हे उत्तर घेऊ नका. कामं वाटून घ्या. त्यांना ते जमणार नसेल तर माझा सल्ला, जाऊ नका. बाकी सगळं जुळलं तरी.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘तिचं काही नाही.’ हे वाक्य मला खटकलं. बारा वर्षांची मुलगी मैत्रिणी, शाळा, भाषा सगळं सोडून येणार. आधी तिला भाषेच्या वर्गात बसवतील, मग तिची शाळा ठरेल. हुशार असूनही वर्षभर ती वर्गात गप्प बसेल. आणि घरात सगळ्यांत आधी जर्मन तिलाच येईल. तेव्हा भावाच्या शाळेत, दवाखान्यात, फोनवर दुभाषी म्हणून तिला उभं करायचा मोह होईल. ते करू नका. मीटिंगला दुभाषी मागता येतो. तिला आजच विचारा की तिला काय वाटतं; ‘नको’ म्हणाली म्हणून बेत मोडायचा नाही, पण विचारलं होतं हे तिच्या लक्षात राहील.

तर माझं मत : थेट जर्मन करार, ब्लू कार्ड आणि सरकारी विमा मिळत असेल आणि नवरा कामं वाटून घ्यायला तयार असेल, तर जा. आयसीटीवर, खासगी विम्यासह, तीन वर्षांसाठी असेल तर नको. एवढ्या काळात मुलाचं बस्तान बसायला लागतं आणि मग सामान बांधावं लागतं. कोथरूडचा फ्लॅट विकू नका, भाड्यानं द्या. कॅनडाची फाइल चालू ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठेवलीत तर एजंट बदला. पैसे घेऊन कॅनडाचं काम करणाऱ्याकडे तिथला परवाना असावा लागतो, नंबर मागा.

मिस्टरांनी दोनतीन महिने पुढे जावं, घर आणि डॉक्टर बघावेत, शाळेच्या खात्याशी पत्रव्यवहार सुरू करावा. त्याहून जास्त काळ नको; मुलाला बाबा मोबाइलवर दिसतात आणि घरी येत नाहीत हे समजावता येत नाही. तुम्ही मुलीचं वर्ष संपल्यावर, मेच्या सुमारास जा. तिथली शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते, तोवर तपासण्यांना वेळ मिळेल. एक बारीक गोष्ट : जूनमध्ये स्टुटगार्टला रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि आठला झोपणाऱ्या मुलाला खिडकीत ऊन असताना झोप म्हटलेलं पटत नाही. घर बघताना खिडक्यांना बाहेरून ओढायची शटर आहेत का, हे मिस्टरांना आवर्जून बघायला सांगा.